वाटणीत राहिलेला अडकित्ता

“अंगठा आणि पहिलं बोट टेकवायचं आणि सोडायचं. जमेल तितकं भरभर. मी थांबा म्हणेपर्यंत,” मी म्हटलं आणि घड्याळाचं बटण दाबलं.

चंपाबाई मगदूम समोरच्या भिंतीकडे बघत बोटं हलवू लागल्या. डाव्या हाताची बोटं सरळ चालली. उजव्या हाताची पाच-सहा वेळा उघडमीट करून मधेच अडकली, पुन्हा निघाली, पुन्हा अडकली. दहा सेकंदांत एकोणीस. मी आकडा लिहून घेतला.

“हे पानं खुडल्यागत हाय की,” त्या म्हणाल्या. “फकस्त पान तेवढं न्हाई.”

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची, मिरजेतल्या एका रुग्णालयातली. पार्किन्सन्सवरच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात त्याच्यावरच्या एका नव्या औषधाचा अभ्यास तिथे चालला होता आणि मी त्याची समन्वयक होते. माणसं निवडायची, फॉर्म भरायचे, दर महिन्याला तपासायचं, गोळ्या मोजून द्यायच्या आणि उरलेल्या मोजून घ्यायच्या, हे माझं काम. मी सव्वीस वर्षांची होते, पुण्याहून नुकतीच आले होते आणि फॉर्म भरण्यात माझा हात कुणी धरणार नाही अशी माझी ठाम समजूत होती.

अभ्यासाची रीत सोपी होती. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना दिसायला आणि चवीला अगदी तशीच, पण आत काहीच नसलेली कोरी गोळी. बाटलीवर फक्त आकडा. कुणाच्या बाटलीत काय, हे पेशंटला माहीत नाही, मला नाही आणि अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर तगारे, त्यांनाही नाही. नेहमीची औषधं चालूच ठेवायची आणि रोज सकाळी ही एक जास्तीची गोळी घ्यायची. वर्षभराने लिफाफे उघडायचे आणि कोण सुधारलं ते बघायचं. पेशंटांना हे सगळं मी नीट समजावून सांगत असे, आणि तेही मान डोलावत असत.

चंपाबाईंच्या मागोमाग त्याच दिवशी आत आल्या त्या अनंतमतीबाई मगदूम. गाव तेच, तासाभरावरचं, पानमळ्यांचं. आडनाव तेच. चौकशी केली तेव्हा कळलं की दोघी सख्ख्या जावा. चंपाबाई थोरल्या, अडुसष्टच्या, सडसडीत आणि बोलक्या. अनंतमतीबाई चार वर्षांनी धाकट्या, गोऱ्या, बुटक्या आणि अबोल. थोरलीची उजवी बाजू धरली होती, धाकटीची डावी. दोघींनी लग्न झाल्यापासून मळ्यात पानं खुडलेली. अंगठ्यावर पत्र्याची नखी चढवायची आणि दिवसभर वेलाखाली उभं राहायचं. आता दोघींच्याही नख्या कोनाड्यात पडून होत्या. आपल्याला पुन्हा खुडायला जमलं पाहिजे एवढंच मागणं दोघींनी वेगवेगळं येऊन मला सांगितलं.

फॉर्मवर एक प्रश्न होता. एकाच घरातले दोन पेशंट अभ्यासात घ्यायचे नाहीत, गोळ्यांची सरमिसळ होते. मी चंपाबाईंना विचारलं, तुमची चूल एकच का? त्यांनी चटकन मान हलवली. चुली वेगळ्या होऊन अकरा वर्षं झाली, अंगणात भिंत आहे, भाऊ-भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. अनंतमतीबाईंनीही तेच सांगितलं. शिवाय बाहेरच्या बाकावर दोघी दोन टोकांना तोंडं फिरवून बसल्या होत्या ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी ‘घरे स्वतंत्र’ या चौकटीत खूण केली. इतक्या ठसठशीत खुणा मी पुढे फारशा केल्या नाहीत.

महिन्याचा पहिला मंगळवार त्या दोघींचा. सकाळच्या एसटीने यायच्या, रक्त द्यायच्या, बोटं हलवून दाखवायच्या, रिकाम्या व्हायला आलेल्या बाटल्या परत द्यायच्या. पुढच्या तपासणीपर्यंत लागतील त्याहून पाच जास्त गोळ्या आम्ही बाटलीत घालत असू, म्हणजे पाच उरायला हव्यात. लोकांच्या कधी नऊ उरायच्या, कधी दोन. एका गृहस्थांनी तर सगळी बाटली नातवाच्या खेळण्यांत हरवली होती. मगदूम जावांच्या मात्र दर महिन्याला पाच आणि पाच. मी त्यांचं उदाहरण इतरांना देत असे.

आणि दोघी सुधारतही होत्या. नाचायला लागण्याइतक्या नाही. पण एकोणीसचे बावीस झाले, बावीसचे पंचवीस. तीन महिन्यांनी चंपाबाईंनी नखी कोनाड्यातून काढली. पाचव्या महिन्यात अनंतमतीबाई पदराआडून हसत म्हणाल्या की अर्धा वाफा खुडला. त्याच दिवशी बाटली काढताना त्यांच्या पिशवीतून काहीतरी जड खाली पडलं. मी उचलून दिलं. जुना पितळी अडकित्ता होता, मोराच्या मुठीचा. त्यांनी तो माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. मी मनात म्हटलं, पानमळ्यातली बाई, अडकित्ता असणारच. फॉर्मवर ‘तंबाखू, सुपारी’ या रकान्यात दोघींच्याही पुढे मीच ‘नाही’ लिहिलं होतं हे मला तेव्हा आठवलं नाही.

आठव्या महिन्यात औषध कंपनीचे तपासनीस आले. त्यांनी दोन दिवस कागद चाळले आणि नेमकं मगदूम जावांवर बोट ठेवलं. इतकी अचूक मोजणी कुणाचीच नसते, ते म्हणाले. या बायका गोळ्या मोरीत टाकत असणार आणि पाच तेवढ्या राखून ठेवत असणार. मला राग आला. तगारे सरांनी मला शांतपणे सांगितलं की रागावू नकोस, जाऊन बघून ये, आणि कळवून जाऊ नकोस.

म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी पहिल्या एसटीने मी त्यांच्या गावी उतरले. चंपाबाईंच्या सुनेने सांगितलं की सासूबाई बस्तीला गेल्यात. बस्ती म्हणजे त्यांच्याकडचं जैन मंदिर. दर्शन घेतल्याशिवाय त्या तोंडात काही घालत नाहीत, गोळीसुद्धा नाही, असं तिने कौतुकाने सांगितलं. भिंतीपलीकडच्या घरात विचारलं. अनंतमतीबाईही बस्तीलाच गेल्या होत्या.

बस्तीत कुणी नव्हतं. मागच्या बाजूला पारिजातकाखाली एक दगडी कट्टा होता, त्यावर त्या दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. आठ महिन्यांत मी त्यांना इतक्या जवळ बसलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या. मांडीवर पांढरं फडकं पसरलेलं. चंपाबाईंनी डाव्या हाताच्या चिमटीत एक गोळी धरली होती आणि अनंतमतीबाई उजव्या हाताने अडकित्ता दाबत होत्या. कट् आवाज झाला, गोळीचे दोन तुकडे फडक्यावर पडले. मग दुसरी गोळी. तेही दोन तुकडे. चंपाबाईंनी बोटाने तुकड्यांची दोन-दोनची जोडी लावली आणि फडकं धाकटीपुढे सरकवलं. धाकटीने एक जोडी उचलली, उरलेली थोरलीने घेतली. तांब्यातलं पाणी दोघी प्यायल्या.

मी पुढे झाले तेव्हा अनंतमतीबाईंनी आधी अडकित्ता पदराखाली घातला. चंपाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

मी विचारलं, हे कधीपासून चाललंय? पहिल्या बाटलीपासून, त्या म्हणाल्या. आणि मी विचारायच्या आत कारणही सांगितलं.

“तूच सांगितलंस न्हवं, निम्म्यांची खरी, निम्म्यांची कोरी म्हणून. मग कुणाची कंची ते कळायच्या आधीच वाटून टाकलं. माझी खरी असंल आनि ही समोर नुसती बसंल, तर माझ्या घशाखाली उतरंल का ती?”

“आणि दोन्ही कोऱ्या असल्या तर?”

“तर दोघी सारख्याच फसलो.”

मला हसू आलं असतं, पण मी चांगलीच भडकले होते. म्हटलं, तुमच्या घरात भिंत आहे ना, बोलणं नाही ना, मग हे काय? तेव्हा कळलं की बोलणं बंद आहे ते भावांचं. बायकांचं बंद आहे असं भावांना वाटतं. वाटणी झाली तेव्हा भांडी, गुरं, मळा सगळ्याचे दोन वाटे पडले. वाटे थोरलीने घालायचे आणि धाकटीने आधी उचलायचे, ही त्या घरातली जुनी रीत. सासूबाईंचा अडकित्ता तेवढा वाटायचा राहिला, कारण त्याचे दोन वाटे होईनात. तो सहा महिने भिंतीच्या अलीकडे आणि सहा महिने पलीकडे राहू लागला, आणि त्याच्या देण्याघेण्याच्या निमित्ताने दोघी बस्तीमागे भेटू लागल्या. मिरजेच्या बाकावर दोन टोकांना बसायच्या ते गावातलं कुणीतरी दवाखान्यात भेटतंच म्हणून. तपासणी झाली की रुग्णालयाच्या मागे एकाच डब्यातून जेवायच्या. एकीला उजव्या हाताने दाबता येत नाही, दुसरीला डाव्या हाताने धरता येत नाही, त्यामुळे गोळी कातरायचं काम एकटीचं नव्हतंच.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्या दिवशी जे समजावलं होतं ते पुन्हा समजावलं. या वेळी मान डोलावून घेतली नाही, विचारत गेले. खरं औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक दिसला तरच औषध लागू पडतं हे कळणार. तुमच्यातल्या एकीची कोरी असेल, तर तीही सुधारलेली दिसणार. म्हणजे कागदावर कोरी गोळी आणि औषध सारखंच ठरणार. असे घोळ झाले तर चांगलं औषधही निकामी म्हणून फेकून देतील.

चंपाबाईंचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, तो त्यांनी डाव्या हाताखाली दाबून धरला.

“म्हंजे दोन वाफ्यांत दोन खतं घालून बघायची हुती, कुठला वेल चढतोय ते,” त्या म्हणाल्या. “आनि आमी मधला बांध फोडला.”

इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग मी जे केलं ते सांगायला आजही बरं वाटत नाही. मी म्हटलं, आजपासून बंद करा, आपापली गोळी घ्या, झालं ते मी कुठे लिहीत नाही. मला त्यांची दया आली होती हे खरं. पण ‘घरे स्वतंत्र’ या चौकटीत माझी ठसठशीत खूण होती, हेही तितकंच खरं. अनंतमतीबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच अडकित्ता फडक्यात गुंडाळला.

“आनि झालेलं आठ म्हैनं?” चंपाबाईंनी विचारलं.

“ते राहू दे.”

“ऱ्हाऊ दे कसं? आमच्या मागनं येणाऱ्या बायांस्नी काय सांगणार तुमी, औषध लागू हाय का न्हाई?”

त्यांना उत्तर माहीतच होतं.

“अक्का,” अनंतमतीबाई हळूच म्हणाल्या, “गोळ्या बंद झाल्या तर मंगळवार बंद हुतील.”

माझ्यासमोर त्या इतकं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलल्या असतील. अकरा वर्षांत त्या दोघींना एकत्र घालवायला मिळालेला पहिला अख्खा दिवस म्हणजे तो मंगळवार. बस्तीमागची पाच मिनिटं नव्हेत. एसटीतला तास, बाक, डबा आणि परतीचा तास. चंपाबाईंनी धाकटीकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. त्यांचे डोळे भरले होते.

“हुऊ देत,” त्या म्हणाल्या. “ऊठ. साडेनवाची गाडी हाय.”

मिरजेपर्यंत तिघी एका सीटवर बसून आलो. तगारे सरांसमोर चंपाबाईंनी सगळं सांगितलं, वाफ्यांसकट, आणि मला त्यातून सोडवायचाही प्रयत्न केला. पोरीनं इचारलं हुतं, आमीच नीट सांगितलं न्हाई, म्हणाल्या. सरांनी फॉर्म मागवला, माझी खूण पाहिली आणि नंतर दार लावून मला जे ऐकवायचं ते ऐकवलं. ते मी इथे लिहीत नाही. दोघी अभ्यासातून बाहेर. त्यांचे आठ महिन्यांचे आकडे बाद. कंपनीला पत्र गेलं, खाली सरांच्या सहीच्या शेजारी माझी सही होती.

पत्र टाईप होत होतं तेव्हा दोघी बाकावर बसल्या होत्या. या वेळी शेजारीशेजारी. सर बाहेर आले, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि डायरी उघडून गंभीर तोंड करून सांगितलं, “अभ्यासातून तुमचं नाव गेलं. माझ्या तपासणीतून नाही. महिन्याचा पहिला मंगळवार, सकाळी अकरा. दोघींनी एकदमच यायचं, माझ्याकडे दुसरी वेळ नाही.”

मी त्यांच्या मागेच उभी होते. डायरीतला तो आठवडा जवळजवळ कोरा होता.

अभ्यास पुढच्या वर्षी संपला. फरक दिसला, पण थोडा. आणखी अभ्यास लागतील, असं शेवटच्या अहवालात आलं. बहुतेक औषधांचं असंच होतं. आजार एका गोळीने हटत नाही, बोटाबोटाने मागे सरकतो. लिफाफे उघडले त्या दिवशी सरांनी बाद झालेल्यांचेही उघडले, कारण आपण काय घेतलं हे जाणून घ्यायचा पेशंटला हक्क असतो. मगदूम जावांचे दोन कागद त्यांनी शेजारीशेजारी ठेवले आणि खुर्चीला पाठ टेकली.

“बांध फुटला खरा,” ते म्हणाले, “पण दोन्ही वाफ्यांत एकच खत होतं.”

दोघींच्याही बाटल्यांत खरं औषध होतं.

मी तो निरोप फोनवर दिला नाही. गावी गेले. तोवर थोरला भाऊ वारला होता आणि दिवसकार्याला धाकट्याने भिंतीतून एक दार पाडलं होतं. त्यामुळे दोघी आता एकाच पडवीत बसलेल्या सापडल्या. हात पूर्वीपेक्षा जड झाले होते. खुडणं पुन्हा बंद होतं. मी कागद आणलाय म्हटल्यावर दोघींचे चेहरे उतरले, ते का, मला कळेना.

अनंतमतीबाई पाणी द्यायच्या निमित्ताने मला आत घेऊन गेल्या.

“ताई, अक्कांस्नी सांगू नकासा,” त्या कुजबुजल्या. “खरी त्यांचीच हुती, मला ठाव हाय. आठ म्हैनं त्यांच्यातलं अर्धं मी खाल्लं. आज त्यांचा हात बघितला की माझा जीव ऱ्हात न्हाई.”

मी काही बोलायच्या आत त्या चहा टाकायला वळल्या. बाहेर आले तर चंपाबाई काठी टेकत दाराशी उभ्या. मला बाजूला ओढून म्हणाल्या, “अनंतीची खरी हुती ना? मला तवाच वाटलेलं. तिचा निम्मा वाटा माझ्या पोटात गेला. अख्खी मिळाली असती तर आज ती खुडत असती. तिला कळू देऊ नको, पोरी.”

इतके दिवस दोघी शेजारीशेजारी बसून हे एकमेकींपासून लपवत होत्या. अठरा पावलांवरच्या बस्तीत रोज हात जोडताना काय मागत असतील ते मला विचारवलं नाही. लपवायचा सल्ला मी एकदा त्यांना दिला होता, आणि त्याचं काय झालं होतं ते मला आठवत होतं. मी अनंतमतीबाईंना हाक मारली, दोघींना पडवीत बसवलं आणि दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. आकड्यांवर बोट ठेवून सांगितलं, ही तुमची बाटली, ही तुमची. दोन्ही खऱ्या होत्या.

त्यांना कळायला वेळ लागला. चंपाबाई कागदाकडे बघत होत्या, मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

“म्हंजे तुला रोज अख्खीच मिळाली की गं.”

“तुमालाबी, अक्का,” अनंतमतीबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

तेव्हापासून मी कितीतरी अभ्यास पाहिले. एका घरातले दोन पेशंट घ्यायचे नाहीत हा नियम आजही आहे आणि तो योग्यच आहे. फक्त मी कुणाला चूल विचारत नाही. घरात काही गोडधोड केलं तर पहिली वाटी कुणाकडे जाते, ते विचारते. नव्या मुली हसतात, पण लिहून घेतात.

त्या दिवशी निघताना चंपाबाईंनी मला थांबवलं. पाहुणीला सुपारी दिल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही म्हणाल्या. अनंतमतीबाईंनी कोनाड्यातून अडकित्ता काढला. थोरलीने सुपारी धरली, धाकटीने दाबली. बराच वेळ लागला. खांडं फडक्यावर पडली तशी चंपाबाईंनी त्यांचे बोटाने तीन वाटे केले आणि फडकं माझ्यापुढे सरकवलं.

मी सुपारी खात नाही, असं म्हणणार होते.

“वाटे मी घातल्यात,” त्या म्हणाल्या. “तू आधी उचल.”

मी उचलली.